पहारेकरी आणि दुरुस्ती

माणूस पोहोचू शकत नाही अशा ठिकाणचा संगणक मध्येच अडकला, तर त्याला जागे कोणी करावे? त्यासाठी ‘वॉचडॉग टायमर’ असतो. प्रणालीने ठरावीक अवधीत त्याला आपल्या जागेपणाची खूण द्यायची. ती आली नाही की तो संगणक नव्याने सुरू करतो.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाला याच पहारेकऱ्याने सावरले. हवामान-नोंदीच्या दुय्यम कामापाशी सामायिक माहिती-मार्गाची किल्ली अडकून राही, अग्रक्रमाचे काम खोळंबे आणि संगणक पुन्हा सुरू होई. यान वाचले, परंतु अभियंते तेवढ्यावर थांबले नाहीत. पृथ्वीवरील प्रतिकृतीत तोच बिघाड घडवून त्यांनी कारण शोधले आणि दुरुस्ती मंगळावर धाडली.

म्हणून आमचे मत असे की, पहारेकरी अवश्य असावा, पण पुनरारंभ म्हणजे दुरुस्ती नव्हे. दूरस्थ यंत्रे सांभाळणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येक पुनरारंभाची नोंद ठेवावी व तिचे कारण शोधावे. अन्यथा दुर्गम गावच्या पाणीयोजनेचा संगणक दिवसभर पडत-उठत राहील, आणि तो चालू दिसतो एवढ्यावरच आपण निश्चिंत राहू.