चिंगीसाठी घर पाहिजे



2025 च्या जुलैत नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला वनतारात नेली, तेव्हा आपण सगळ्याजणी रडलो, सह्या केल्या. आता माझ्या परसात चिंगी आहे, तिच्यासाठी लिहितेय.

गाडीनं तिचा मागचा पाय मोडला होता. आता जरा लंगडते एवढंच. नसबंदी, रेबीजची लस झालीय. दही-भात, दूध-भाकरी खाते, दिवस मावळायच्या आत आमच्याबरोबरच. डॉक्टरांनी अंडं सुचवलं, ते माझ्याच्यानं झालं नाही.

पाच-सहाजणींना विचारलं. उत्तर एकच, "चौका लावायचा असतो गं, कुत्रं कसं चालेल?" चौक्याचं सोवळं मीही पाळते, म्हणून ती परसात असते. जीवंधरकुमारानं मरत्या कुत्र्याला णमोकार ऐकवला, ही गोष्ट आपण नातवंडांना किती हौसेनं सांगतो! आणि दारात खरं कुत्रं आलं की सोवळं आठवतं.

मग तूच का ठेवत नाहीस, म्हणाल. मी 67 ची, चिंगी 2 वर्षांची. ती अजून दहा-बारा वर्षं सहज जगेल. बी.कॉम. झालेय मी, हा हिशेब जुळत नाही.

घर मात्र कायमचंच हवं. दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असं सुप्रीम कोर्टानंही 22 ऑगस्ट 2025 ला बजावलंय. सुट्टीपुरतं खेळणं म्हणून नको, गच्चीवर बांधायला तर नकोच. फटाक्यांना फार घाबरते, दिवाळीत जवळ माणूस लागतं.

आधी येऊन बघा. दुपारी चारनंतर मी घरीच असते.