वाढवणला तपासणी हवी, अडवणूक नको

पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. काम ७६ हजार २२० कोटींचे आहे. मच्छीमार बांधवांचा या बंदराला विरोध आहे. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न असून त्यावर स्वतंत्रपणेच लिहावे लागेल. आज आम्ही बोईसरच्या व्यापारी बंधूंपुढे दुसरा मुद्दा ठेवतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत पोलादाचे कारखाने आहेत. उद्या परदेशी भंगाराचे कंटेनर न्हावा शेवाऐवजी आपल्या दाराशीच उतरू लागतील. त्यांत काय भरले आहे, हे कोण पाहणार?

भंगाराच्या धंद्यात आपल्या समाजाचे लोक पुष्कळ आहेत. गॅस कटर हाती धरणारा मजूरही बहुधा आपलाच, आणि धोका प्रथम त्याच्याच अंगावर येतो. २००४ साली गाझियाबादेतील एका कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले. स्फोटात दहा कामगार गेले. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात कोबाल्ट-६० फोडले गेले. एक मजूर दगावला, इतर काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. ते यंत्र तर दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले, म्हणजे देशातलेच होते.

असा तुकडा भट्टीत गेला तर सगळे पोलाद नासते. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सार सापडला. पोलाद भारतातले निघाले आणि नाव साऱ्या देशाचे खराब झाले.

यावर उपाय आहे. ट्रक दोन खांबांमधून हळू नेला की किरणोत्सार असल्यास घंटा वाजते. क्ष-किरण यंत्र कंटेनर न उघडता आतले चित्र दाखवते. मात्र बंदरांवर ही यंत्रे बसवण्याची मुदत सरकारने वारंवार वाढवली. वाढवणला तसे होऊ नये. पहिले जहाज लागण्यापूर्वी यंत्रे उभी राहिली पाहिजेत.

छोट्या व्यापाऱ्याची धास्तीही खोटी नाही. फरशी, पोटॅशचे खत अशा निर्दोष मालावरही घंटा वाजू शकते. मग कंटेनर अडकतो, रोजचे भाडे चढते आणि नफा तिथेच संपतो. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. घंटा वाजल्यास जाणकार अधिकाऱ्याने ठरावीक तासांत फेरतपासणी करावी. माल निर्दोष ठरल्यास अडकलेल्या दिवसांचे भाडे माफ व्हावे. देशी भंगारासाठी वसाहतीतील वजनकाट्यांवर किरणोत्सार मोजण्याचे साधन ठेवावे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. या विषयाचे जाणकार बोईसरला परके नाहीत. कारखानदारांच्या संघटनेने मजुरांना शिकवण्यासाठी त्यांना बोलवावे.

यंत्राचा आणखी एक फायदा आम्हांस मोलाचा वाटतो. यंत्र माल पाहते, मालकाचे नाव वाचत नाही. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. त्या कटात कस्टम्सचे अधिकारीही दोषी ठरले. संशय मात्र कित्येक वर्षे साऱ्या समाजाला पुरला. ज्याची रोजी हलाल आहे, त्याने सर्वांना सारख्या लागू असलेल्या तपासणीला भिण्याचे कारण नाही.

पैगंबर साहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढला होता. राशीच्या आत पाहणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. बोईसरच्या व्यापाऱ्यांनी ही मागणी आताच, एकमुखाने करावी.