खिशातला कागद

१७ मार्च १९१०. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात जनगणनेच्या एका किरकोळ ठरावावरून खडाजंगी चालली होती. सभापती जोसेफ कॅनन यांना तो ठराव रेटायचा होता. जनगणनेचा आदेश खुद्द राज्यघटनेत आहे, तेव्हा या विषयाला अग्रक्रम मिळालाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती आणि ती सभागृहाच्या गळी उतरली. नेब्रास्काचे सदस्य जॉर्ज नॉरिस नेमक्या याच संधीची वाट पाहत होते. ते उठले आणि खिशातून एक कागद काढला. कितीतरी दिवस खिशात बाळगल्यामुळे तो घड्यांवर विरला होता. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. जनगणना घटनेत आहे म्हणून तिला अग्रक्रम. मग सभागृहाने आपले नियम आपणच ठरवावेत, हेही घटनेतच आहे. माझा ठराव नियमांचा आहे, घ्या चर्चेला.

कॅनन स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडले. ते सभापतीही होते आणि नियम समितीचे अध्यक्षही. कोणाला कुठल्या समितीवर नेमायचे आणि कोणते विधेयक चर्चेला येऊ द्यायचे, हे त्यांच्या मर्जीवर चाले. नॉरिस यांच्या ठरावानुसार नियम समिती सभागृहाने निवडायची होती आणि तिच्यात सभापतींना जागा नव्हती. रात्रभर वाद चालला, सदस्य सोफ्यांवर डुलक्या घेत राहिले. १९ मार्चला ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला. कॅनन रिपब्लिकन आणि नॉरिसही रिपब्लिकन, म्हणजे हे घरातलेच बंड होते. गंमत अशी की, लगेच कॅनन यांना पदावरून हटवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बहुतेक बंडखोरांनी त्यांना पदावर राहू दिले. भांडण माणसाशी नव्हते, खुर्चीत साठलेल्या सत्तेशी होते. आपल्याकडे हा भेद फारसा कोणी पाळत नाही, म्हणून तो मुद्दाम नोंदवतो.

नॉरिस १८६१ साली ओहायोत एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. वडील लवकर गेले, थोरला भाऊ यादवी युद्धात गेला. शाळामास्तरकी, मग वकिली, मग नेब्रास्कात न्यायाधीशपद, असे करत ते १९०३ मध्ये प्रतिनिधिगृहात पोचले. दहा वर्षे तिथे काढली आणि पुढची तीस वर्षे सिनेटमध्ये. या चाळीस वर्षांत ते पक्षाला कधी सोयीचे ठरले नाहीत.

१९१७ मध्ये अमेरिकेने महायुद्धात उतरावे की नाही, यावर सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ असे मतदान झाले. त्या सहांत नॉरिस होते. त्याआधी व्यापारी जहाजांवर तोफा चढवण्याचे विधेयक रोखून धरल्याबद्दल अध्यक्ष विल्सन यांनी या मूठभर सिनेटरांची जाहीर निर्भर्त्सना केली होती आणि वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले होते. नॉरिस गप्प घरी बसले नाहीत. लिंकन शहरात त्यांनी सभा लावली. हितचिंतक येऊ नका म्हणत होते. ते एकटे मंचावर गेले आणि आपण असे का वागलो, हे लोकांना समजावून सांगितले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले.

पण माझ्या मते त्यांची खरी उंची कळते ती टेनेसी नदीच्या काठी. अलाबामातल्या मसल शोल्स इथे सरकारने युद्धकाळात नायट्रेटचे कारखाने आणि धरण यांचे काम हाती घेतले. युद्ध संपले आणि या मालमत्तेचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९२१ मध्ये हेन्री फोर्ड पुढे आले: कारखान्यांसाठी ५० लाख डॉलर आणि धरण शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने. सरकारने तिथे याच्या कितीतरी पट पैसा ओतला होता. तरी फोर्ड म्हणजे जादूगार, अशी हवा होती आणि आसपास भूखंडांची विक्री जोरात सुरू झाली. सिनेटच्या कृषी समितीचे अध्यक्ष नॉरिस आडवे आले. नदी लोकांची, तर वीजही लोकांची, हा त्यांचा हेका. नेब्रास्काच्या एकाही शेतकऱ्याला टेनेसीचे पाणी लागणार नव्हते, एक मतही वाढणार नव्हते. हाच हेका मांडणारे त्यांचे विधेयक १९२८ मध्ये अध्यक्ष कूलिज यांनी सही न करता मरू दिले, १९३१ मध्ये अध्यक्ष हूव्हर यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. १८ मे १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी महामंडळाच्या कायद्यावर सही केली. पहिल्या धरणाला नाव मिळाले नॉरिस.

त्याच काळात अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी नऊ घरांत वीज नव्हती. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यामागेही नॉरिस होते. संपावरच्या कामगारांना कोर्टाच्या मनाईहुकुमांनी चिरडण्याला आळा घालणारा १९३२ चा कायदा, अध्यक्षांचा शपथविधी मार्चवरून जानेवारीत आणणारी घटनादुरुस्ती, नेब्रास्काचे एकसदनी विधिमंडळ ही त्यांचीच कामे. एकसदनीच्या प्रचारात राज्यभर फिरताना मोटारीचे टायर झिजून गेले.

शत्रूही तोलामोलाचे होते. १९३० च्या प्राथमिक निवडणुकीत ब्रोकन बो गावचा एक किराणा दुकानदार उभा केला गेला. त्याचेही नाव जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस! मतपत्रिकेवर दोघे सारखेच, म्हणजे मते कोणाची हे कळणारच नाही. अर्ज मुदतीनंतर पोचला म्हणून डाव फसला. नामसाधर्म्याचे उमेदवार हा आपलाच शोध, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडावा.

टेनेसीच्या कामाला काळी बाजूही आहे. नॉरिस धरणाच्या जलाशयासाठी सुमारे तीन हजार कुटुंबे उठवली गेली. धरणाशेजारी वसवलेल्या नॉरिस नावाच्या आदर्श गावात कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हते. हे गाव सरकारी पैशाने, नॉरिस यांच्याच नावाने उभे राहिले होते. धरणग्रस्त कोणाला म्हणतात, हे ज्यांनी कोयनाकाठी पाहिले आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको.

१९४२ मध्ये नॉरिस हरले आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी मॅकूक गावी वारले. त्याच सुमारास दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर दामोदर खोऱ्याची योजना आखत होते. त्यासाठी टेनेसीहून वूर्डुइन नावाचे अभियंते आणले होते. पूरनियंत्रण, जलवाहतूक आणि वीज एका हाती, ही टेनेसीची घडण समोर होती. १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झाले. आंबेडकरांच्या जलधोरणावर आपल्याकडे अलीकडे बोलले जाते. त्या चर्चेत नॉरिस यांचे नावही यायला हवे.

१९५७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने सिनेटच्या इतिहासातले पाच थोर सदस्य निवडले. समितीचे अध्यक्ष होते जॉन केनेडी. इतिहासकारांचा कौल घेतला, त्यात नॉरिस सर्वांत वर होते. अंतिम पाचांत ते नाहीत. नेब्रास्काच्याच सिनेटरांनी विरोध केला.