फाट्यावर गोल हवा, पण कसा?

बालमित्रांनो, आणि हे भित्तिपत्रक वाचायला घटकाभर थांबलेल्या गावकरी बंधुभगिनींनो,

या वेळी संपादक मंडळातील सातवीच्या मुलांनी माझ्याकडे रस्ता सुरक्षेवर चार शब्द मागितले. 'वाहने सावकाश चालवा', 'अति घाई संकटात नेई' अशी वाक्ये ठळक अक्षरांत लिहून दिली असती, तर माझे काम पाच मिनिटांत झाले असते. ती वाक्ये खोटी नाहीत. पण गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तो आधी सांगतो आणि मग माझे मत मांडतो.

आपल्या शाळेजवळच्या फाट्यावर तीन रस्ते मिळतात. एक तालुक्याकडून येतो, दुसरा बाजाराकडून आणि तिसरा पुढच्या खेड्यांकडे जातो. सकाळी शाळा भरण्याची वेळ होती. मी अलीकडच्या बाजूला उभा होतो. दुसरीतील एक मुलगी पलीकडे छत्री घेऊन थांबली होती. तालुक्याकडून आलेला ट्रॅक्टर तिला पाहून थांबला. चालक भला माणूस, त्याने हातानेच "जा बेटा" अशी खूण केली. मीही हात हलवून म्हटले, "चल, ये लवकर." ती निघाली, आणि त्याच क्षणी बाजाराच्या रस्त्याने एक मोटारसायकल वेग कमी न करता वळली. मुलीचा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर होते. आज ती चांगली आहे, पाढेही खणखणीत म्हणते. पण तिला बोलावले होते मी, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

नंतर वर्गात मी विचारले, "रस्ता ओलांडताना काय करावे?" सगळी मुले एका सुरात म्हणाली, "उजवीकडे पाहावे, डावीकडे पाहावे, पुन्हा उजवीकडे पाहावे." ती मुलगी मात्र गळ्यात हात अडकवून हळूच म्हणाली, "गुरुजी, मी त दोन्हीकडं पाह्यलं होतं. गाडी तिसरीकडून आली."

मी निरुत्तर झालो. आमचा धडा दोन दिशांचा आणि फाटा तीन दिशांचा! मी मोठा माणूस, मलासुद्धा तिन्ही रस्ते एकदम दिसले नाहीत. सात वर्षांच्या मुलाला ते कसे दिसावेत? या वयात येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. त्यात पहिली-दुसरीतील मूल साडेतीन-चार फूट उंच. धानाची पोती भरलेल्या ट्रॉलीच्या मागचे त्याला काय दिसणार? म्हणून माझे मत असे झाले आहे की मुलांना रस्त्यासाठी तयार करणे पुरेसे नाही. रस्ताही मुलांसाठी तयार केला पाहिजे. मुलाने एका वेळी एकाच दिशेला पाहिले तरी ते सुखरूप पलीकडे जाईल, असा तो हवा.

हे कसे साधते, ते आम्ही मैदानावर करून पाहिले. चुन्याची फक्की घेऊन तीन रस्ते आखले. सातवीची मुले गाड्या झाली. दोन गाड्यांच्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात, फुटतात किंवा कापतात तिथे खडा ठेवायचा, असे ठरले. मोजले तर 9 खडे झाले. 3 ठिकाणी वाटा फुटत होत्या, 3 ठिकाणी मिळत होत्या आणि 3 ठिकाणी एकमेकींना आरपार कापत होत्या. सर्वांत वाईट टक्कर होते ती या कापणाऱ्या ठिकाणी, कारण तिथे एक गाडी दुसरीच्या कुशीत शिरते.

मग मधोमध खुंटी ठोकून सुतळीने एक गोल काढला. सर्व गाड्यांनी त्याला वळसा घालूनच जायचे. पुन्हा खडे मोजले. आता 6 झाले! वाटा 3 ठिकाणी मिळतात, 3 ठिकाणी फुटतात आणि कापत मात्र कुठेच नाहीत. चार रस्त्यांच्या चौकात तर फरक आणखी मोठा आहे. साध्या चौकात असे 32 खडे होतात आणि गोल केला की 8 उरतात. ज्यांना पटत नसेल त्यांनी पाटीवर काढून पाहावे.

मुलांना एक गंमतही कळली. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे गोलाला वळसा घालताना गोल नेहमी आपल्या उजव्या हाताला राहतो. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला राहतो, तसेच हे. एवढे लक्षात ठेवले तर कोणत्याही शहरात सर्कलवर चूक होणार नाही.

आता वेगाचे गणित पाहू. चौथीच्या मुलांनी हे स्वतः करावे. ताशी 36 किलोमीटर म्हणजे 3600 सेकंदांत 36,000 मीटर, म्हणजेच एका सेकंदात 10 मीटर. ताशी 72 किलोमीटर असेल तर एका सेकंदात 20 मीटर. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आपल्या वर्गाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर पुढे आलेली असते, आणि ब्रेक तर अजून लागायचाच असतो. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. यासाठीच जिथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर वावरतात तिथे वेग ताशी 30 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान गोलाला वळसा घालायचा तर गाडीला आपोआप वेग कमी करावा लागतो. पाटी वाचता येवो न येवो, पोलीस उभा असो नसो, वळण हे वळणच असते.

हा विषय केवळ आपल्या फाट्याचा नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतील हजारो पायी चालणारी होती. दुसरीकडे अमेरिकेत 24 चौकांचे गोल करून आधीची व नंतरची स्थिती तपासली गेली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माणसे जखमी होण्याचे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी झालेले दिसले.

मात्र नुसता गोल बांधून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये लेचवर्थ नावाच्या गावी 1909 च्या सुमारास असा गोल झाला. पुढे गोल वाढले, पण आधी कोणी जायचे हे ठरलेले नव्हते. सगळेच आत घुसत आणि सगळेच अडकून बसत. 1966 साली तिथे नियम झाला की गोलात आधीच असलेल्या गाडीला पहिला मान, बाहेरच्याने थांबायचे. त्यानंतर गोलांचा खरा उपयोग होऊ लागला. आपल्या देशातही 2017 च्या वाहन चालविण्याच्या नियमांत हेच सांगितले आहे. पंगतीत बसलेल्याचे जेवण होऊ द्यावे, मग आपण बसावे, इतका साधा तो नियम आहे.

मी हा विषय चहाच्या टपरीवर काढला तेव्हा एक आजोबा हसून म्हणाले, "गुरुजी, इथं सर्कल कायले पाहिजे जी? हे का नागपूर होय?" मी म्हटले, "आजोबा, नागपुरात सिग्नल आहे, शिट्टी घेऊन पोलीस आहे. आपल्याकडे दोन्ही नाही. म्हणून तर आपल्याला गोल पाहिजे. त्याला वीज लागत नाही आणि रजाही लागत नाही." आजोबा म्हणाले, "हे मात्र खरं बोललात."

दुसऱ्या एका शेतकरी भावाची शंका जास्त मोलाची होती. "धान निघाले की ट्रॉल्या आणि ट्रक येतात, मिरचीची पोती घेऊन गाड्या जातात. त्या वळतील कशा?" याचे उत्तर आहे. गोलाच्या कडेने कमी उंचीचा दगडी पट्टा ठेवतात. मोटारसायकल त्यावर जायला कचरते, पण ट्रॉलीचे मागचे चाक त्यावरून सावकाश चढून उतरते. जागा फारच कमी असेल तर मधला भाग नुसता थोडा फुगीर करून रंगवतात आणि मोठी गाडी त्याच्यावरूनच जाते. पक्के काम करण्याआधी माप घेतलेच पाहिजे.

कोणी म्हणतात, गतिरोधक टाका म्हणजे झाले. गतिरोधक मलाही हवा आहे, पण नियमाप्रमाणे. भारतीय रस्ते काँग्रेसने ताशी 25 किलोमीटर वेगासाठी जे माप दिले आहे त्यात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. अनेक ठिकाणी पाहावे तर हातभर रुंदीचा, रंग नसलेला, अंधारात न दिसणारा उंचवटा असतो. त्यावर आदळून मोटारसायकलवर मागे बसलेली बाई पडते. शिवाय गतिरोधक वेग कमी करील, पण कोणत्या रस्त्याची गाडी आधी जाणार हा गोंधळ तसाच राहील.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे चौकात गोल झाला की त्यात काहीतरी उभे करावेसे वाटते. पुतळा, झेंडा, वाढदिवसाचा फलक, नाहीतर पानठेला. थोर पुरुषांविषयी माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच म्हणतो, त्यांचा पुतळा जिथे शांतपणे बसता येईल, मुलांना फुले वाहता येतील अशा जागी असावा. फाट्याच्या लहान गोलात उंच काही उभे केले तर पलीकडचे मूल गाडीवाल्याला दिसत नाही. शिवाय हार घालायला लोकांना भर रस्ता ओलांडून जावे लागते. गोलाचे मधले अंगण मुलांच्या जाण्याचे नाही आणि मोठ्यांच्या बसण्याचेही नाही.

तर माझ्या मते आपल्या फाट्यावर जे व्हावे ते असे :

1) गोल लहान असावा. शहरातील प्रचंड गोलाभोवती गाड्या जोरात पळतात आणि पायी माणूस ताटकळतो. आपल्याला एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रस्ता पुरे.

2) प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी मध्ये लहान दुभाजक असावा. मूल अर्धा रस्ता ओलांडून तिथे थांबेल. पहिल्या अर्ध्यात एकाच बाजूची गाडी, दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्या बाजूची. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्यात आहे.

3) पांढरे पट्टे गोलाला चिकटून नसावेत. ते एक गाडी मावेल इतके मागे असावेत.

4) गोलात गुडघ्याइतकी झाडे किंवा गवत असावे, उंच काही नको.

5) रात्री दिसेल असा रंग आणि एक दिवा असावा.

हे कोण करणार? रस्ता ज्या खात्याचा, ते खाते करील. पण मागणी आपली हवी. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करावा, तो ग्रामसभेपुढे ठेवावा आणि तिथून पुढे पाठवावा. तोपर्यंत, ग्रामपंचायतीची आणि पोलिसांची परवानगी मिळाली तर, चुना, वाळूची पोती आणि रंगवलेले जुने टायर ठेवून आठ दिवस गोल करून पाहता येईल. मुंबईत भायखळ्याच्या एका शाळेसमोर रंग आणि अडथळे वापरून मुलांसाठी सुरक्षित जागा आखली गेली आहे. मुंबईला जमते ते केशोरीला का जमू नये? आठ दिवसांत ट्रॉली कुठे अडते, मूल कुठे गोंधळते, हे सर्वांनाच दिसेल. मग पक्के काम चुकणार नाही.

मोटारसायकलवाल्या तरुण भावांना एकच विनंती. त्या दिवशी ज्याची गाडी लागली तो वाईट मुलगा नव्हता. त्याने स्वतः त्या पोरीला उचलून दवाखान्यात नेले, बाहेर बसून रडला. त्यानेही ट्रॅक्टरकडेच पाहिले होते, माझ्यासारखेच. चांगल्या माणसांकडूनही चूक होते. म्हणून चूक झाली तरी कोणाचा जीव जाऊ नये, असा रस्ता हवा.

बालमित्रांनो, गोल होईल तेव्हा होईल. तोपर्यंत फाट्यावर तिन्ही रस्ते पाहा, आणि गुरुजींनी हात केला तरी स्वतः पाहिल्याशिवाय निघू नका. हे मी माझ्याविरुद्ध सांगतो आहे, पण मनापासून सांगतो आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर हात वर करण्यासाठी आपण सर्वांनी यावे. तिथे आमच्या मुलांनी मैदानावर मोजलेले खडे मी पिशवीत घालून आणीन. आधीचे 9 आणि नंतरचे 6.

— आपला, एक शिक्षक