सातेरीला हात जोडायचे आणि रोयण फोडायची!

आषाढ लागला की वाळपईच्या वाटेवर पानांत बांधलेल्या पुड्या घेऊन पोरे उभी राहतात आणि पणजीच्या गाड्या करकचून थांबतात. अळमी! शेकड्याला मागतील तो भाव. श्रावणात मासळी वर्ज्य, मग शागोतीची हौस भागवायची कशी? आम्हा सरकारी कारकुनांच्या डब्यातसुद्धा ती येतात आणि "सगळे कळेच मिळाले हो" असे वर मिरवले जाते. माझे भांडण याच कळ्यांवरून आहे.

अळमी म्हणजे वाळवीची शेती. रोयणीच्या पोटात वाळवी पालापाचोळा, लाकूड चघळून मधाच्या पोळ्यासारखे पोळे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. शास्त्रज्ञ या बुरशीला टर्मिटोमायसिस म्हणतात. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षे चालू आहे. माणसाची भातशेती जेमतेम दहा हजार वर्षांची. पावसात त्या पोळ्यातून देठ वर येतो, छत्री उघडते आणि तिच्याखालच्या पापुद्र्यांतून बीजाणू झडतात. पहिल्या पावसात उडालेल्या वाळव्या नवे घर करतात, आणि बहुतेक जातींत त्या घरच्या पहिल्या कामकऱ्यांना हे बीजाणू बाहेरूनच वेचून आणावे लागतात. कळा खुडला की छत्री नाही, बीजाणू नाहीत, नव्या रोयणीला बियाणे नाही. बियाण्याचे भात शिजवून खाणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो?

"आमचे आजोबाही खायचे, तेव्हा कुठे संपली?" हा ठरलेला प्रश्न. आजोबा घरच्या तोणाकापुरती आणत. आता शेकड्यांनी विकायची म्हणून कुदळ घेऊन रोयणच उकरतात, तीही कधीकधी अभयारण्यात, जिथून वनोपज परवान्याशिवाय उचलायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आणि वाळवीवाचून ही अळमी बाजारापुरती पिकवणे अजून कुणाला साधलेले नाही. गेली की गेली.

"मग त्या गरीब पोरांनी खायचे काय?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला खरे उत्तरही आहे: धिंगरी. भाताचा पेंढा बारीक कापून रात्रभर भिजवायचा, तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचा, निथळवायचा. मुठीत दाबला तर पाणी गळता नये. मग भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर, त्यावर गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणे, असे थर भरायचे. अंधाऱ्या खोलीत १५ ते २० दिवसांत सगळा गठ्ठा पांढराशुभ्र होतो. पुष्कळजण इथेच फसतात. पिशवी तशीच कोंडून ठेवतात आणि पीक येत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. अहो, कोंडलेल्या हवेत बुरशी वाढेल, फळ धरणार नाही! आता पिशवी कापा, दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा, खिडकी उघडून वारा आणि थोडा उजेड येऊ द्या. वारा कमी पडला तर देठ लांबलचक आणि टोपी इवलीशी होते. सगळे जमले की टाचणीच्या डोक्याएवढे कळे दिसू लागतात आणि पुढच्या काही दिवसांत तोडणी. एका पिशवीतून दोन-तीन पिके निघतात. २० ते ३० अंश तापमान लागते, म्हणजे एप्रिल-मेचा उकाडा सोडला तर गोव्याची हवा तिला मानवते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याचे प्रशिक्षणही दिले आहे.

मग अडते कुठे? आपल्या जिभेच्या तोऱ्यात! धिंगरीला "रानातल्याची चव नाही" म्हणून नाक मुरडायचे आणि शेजारच्या बाईने पिकवलेली पिशवी पाव किंमतीला मागायची. गिऱ्हाईकच नसेल तर कुदळ सोडून पेंढा कोण कापेल? चव वेगळी आहे हे मला मान्य. पण त्या चवीची किंमत रोयण मोजते, आपण नाही.

आणि रोयण म्हणजे कोण? गावोगावच्या देवळांत आपण सातेरी म्हणून जिला पुजतो, ती वारुळाचीच तर मूर्ती! गाभाऱ्यातल्या वारुळाला साडी-चोळी आणि रानातल्या वारुळाला कुदळ, हा कुठला धर्म? यंदा पुडी समोर आली तर कळे परत करा, उमललेली अळमीही हौसेपुरतीच घ्या, आणि तेवढेच पैसे गावातल्या धिंगरीवालीला न घासता द्या. सातेरीला यापेक्षा मोठा नवस नको.