पहिली तक्रार स्वकीयांच्या फलकाची

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातील कोणत्याही शहराच्या मुख्य चौकात एक दृश्य हमखास दिसते. आदल्या रात्री श्रींचे विसर्जन भक्तिभावाने झालेले असते. पण श्रींचीच छबी असलेला फ्लेक्स एका बाजूने सुटून पदपथावर लोंबत असतो. एका कोपऱ्यात गणराय आणि उरलेल्या जागेत नगरसेवकपदाचे इच्छुक, त्यांचे मार्गदर्शक आणि मार्गदर्शकांचे मार्गदर्शक. काही दिवसांनी पालिकेची गाडी येते आणि देव, नेते व शुभेच्छुक यांना एकत्रच कचऱ्यात टाकते. मूर्तीची विटंबना झाली तर पेटून उठणारा समाज या विटंबनेकडे मात्र निर्विकारपणे पाहतो, कारण ती करणारे त्याचेच असतात.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते समाज एकत्र यावा म्हणून. चौकातील फलकांवर आज जे एकत्र येतात त्यांना समाज म्हणणे कठीण आहे. शिवजयंती, नवरात्र, रामनवमी, दहीहंडी या सर्वच उत्सवांना ही बाधा झाली आहे. वाढदिवसाच्या फलकांविषयी तर बोलायलाच नको.

कायद्याची स्थिती संदिग्ध नाही. महापालिकेच्या लेखी परवानगीशिवाय फलक उभारता येत नाही, हे महापालिका अधिनियमात स्पष्ट आहे. सार्वजनिक दृष्टिपथातील मालमत्तेचे विद्रूपण करणाऱ्यास १९९५ च्या राज्य कायद्यानुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिला आणि बेकायदा फलकांविरुद्ध नागरिकांना तक्रार करता यावी, यासाठी यंत्रणा उभारण्याचे निर्देश स्थानिक संस्थांना दिले. आपले कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत, अशी लेखी हमी राजकीय पक्षांनी या प्रकरणात न्यायालयात दिली होती. ती पाळली गेली नाही, म्हणून अवमानाची कारवाई का करू नये, असे २०२४ मध्ये न्यायालयाला त्याच पक्षांना विचारावे लागले. हिंदुत्वाचा उद्घोष करणारे पक्षही त्यांत होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न असता, तर त्यावर इतका विचार करण्याचे कारण नव्हते. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुना बाजार चौकाजवळ रेल्वेच्या जागेतील फलकाचा लोखंडी सांगाडा काढताना तो वाहनांवर कोसळला आणि ४ जणांचा बळी गेला. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ किवळे येथे वादळी पावसात आडोसा घेतलेले ५ जण फलकाखाली चिरडले गेले. आणि १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळून १७ जणांनी प्राण गमावले. मुंबईत ४० फूट बाय ४० फुटांपेक्षा मोठ्या फलकाला मुभा नसताना तो सुमारे १२० फूट बाय १२० फुटांचा होता. आकारासाठी त्याची विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली होती! हजारो लोक रोज त्याच्याखालून जात होते. जागा रेल्वे पोलिसांच्या अखत्यारीतील असल्याने पालिकेच्या परवानगीची आवश्यकता नाही, असे म्हणून तो उभा राहिला होता. नियमाहून इतका मोठा फलक काही एका रात्रीत उगवला नव्हता.

अशा वेळी प्रशासनावर खापर फोडणे सोपे असते, आणि त्या दोषारोपात पुष्कळ तथ्यही असते. परंतु पालिकेचा परवाना निरीक्षक चौकातील फलक काढायला जातो तेव्हा त्याच्या पाठीशी कोण असते? फलकावरील ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ यांचा दूरध्वनी वरिष्ठांकडे आधी पोहोचतो. नागरिकांची लेखी तक्रार मात्र नसतेच. ती असेल, तर त्या निरीक्षकाला कागदावर बोट ठेवता येते.

संघटनेच्या शताब्दी वर्षात पंच परिवर्तनाचा विषय घरोघरी मांडला गेला. त्यातील नागरी कर्तव्य हा विषय बौद्धिकात ऐकण्यापुरता उरू नये. सार्वजनिक संपत्तीचे रक्षण हे राज्यघटनेतही मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. (ते ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, आणि ती दुरुस्ती आणीबाणीची, म्हणून कर्तव्य रद्द ठरत नाही.) डॉ. हेडगेवारांनी व्यक्तीला नव्हे तर भगव्या ध्वजाला गुरुस्थानी ठेवले. प्रसिद्धिपराङ्मुखता हा ज्या कार्यपद्धतीचा स्थायिभाव, तिच्यात वाढलेल्या तरुणांना चौकातील फलकावर आपला चेहरा असावा असे वाटू लागले असेल, तर ती चिंतेची गोष्ट आहे.

येथे एक आक्षेप ठरलेला आहे. ‘आधी त्यांचे फलक काढा, मग आमचे पाहू.’ पुरोगामी म्हणवणाऱ्यांना बेकायदा फलक हिंदू सणांतच दिसतात, ही तक्रारही खोटी नाही. पण तिचे उत्तर आणखी एक बेकायदा फलक हे नव्हे. स्वतःच्या मंडळाचा फलक विनापरवाना असताना दुसऱ्याच्या फलकाविरुद्ध केलेला अर्ज कोणताही अधिकारी बाजूला सारील. स्वकीयांचा फलक उतरवून घेणाऱ्याचा शब्द मात्र त्याला डावलता येत नाही.

तक्रार कशी करावी, याचे अज्ञान मोठे आहे. फलकाचे छायाचित्र घ्यावे आणि त्यात शेजारचे दुकान किंवा दिव्याचा खांब यावा, म्हणजे जागा ओळखता येते. फलकावर परवाना क्रमांक व मुदत छापली आहे का, ते पाहावे. मुंबईत १९१६ या क्रमांकावर नोंद करता येते. पुण्यात महापालिकेचा आकाशचिन्ह विभाग, अन्यत्र प्रभाग कार्यालय किंवा नगरपरिषद. जागा रेल्वेची, महामार्गाची वा अन्य शासकीय खात्याची असेल, तर त्या खात्यालाही प्रत द्यावी. घाटकोपरने एवढे तरी शिकवले आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. दोन आठवड्यांत काही झाले नाही, तर माहितीच्या अधिकारात त्या फलकाच्या परवान्याची प्रत मागावी. परवाना नसल्याचे लेखी उत्तर हाती येताच पालिकेला स्वस्थ बसणे अवघड होते.

एकट्या गृहस्थाला भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही. गल्लीत राहायचे असते, मुलांना शाळेत पाठवायचे असते. म्हणूनच अर्जावर सोसायटीतील दहा-बारा कुटुंबांच्या स्वाक्षऱ्या असाव्यात, त्यांत ज्येष्ठ नागरिक आणि माताभगिनी असाव्यात. परिचित कार्यकर्त्याचा फलक असेल, तर अर्जापूर्वी त्याच्या घरी जाऊन चहा घेत बोलावे. बहुतेक फलक तेथेच उतरतात. जो उतरत नाही, त्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाग कार्यालयात दाखल व्हावा, मग फलकावर छायाचित्र कोणाचेही असो.