आधी कान, मग संवेदक

अलीकडे काही शाळांच्या प्रयोगशाळांत एक नवी डबी दिसू लागली आहे. मुठीत मावेल एवढी ही डबी. तिच्या तोंडाशी बारीकसा मायक्रोफोन असतो, आत एक छोटी बॅटरी असते आणि आपण ऐकलेल्या आवाजाची मोजमापे ती ब्लूटूथच्या बिनतारी लहरींवरून संगणकाला किंवा मोबाइलला कळवते. तिचे नाव बिनतारी ध्वनिसंवेदक. टाळी वाजवली की पडद्यावरची रेघ उसळते, मुले ओरडली की आणखी उसळते. विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी ही गंमत पाहायला गर्दी जमते. दुसऱ्या दिवशी डबी कपाटात जाते, ती पुढच्या प्रदर्शनापर्यंत.

एवढ्यासाठीच संवेदक आणायचा असेल तर तो न आणलेला बरा. माझे मत असे आहे की संवेदक शाळेत जरूर यावा, पण तो कानाच्या मागून यावा. आधी ऐकावे, ऐकून अंदाज वहीत लिहावा आणि मग त्या अंदाजाची परीक्षा घ्यायला संवेदक हाती घ्यावा. संवेदकाचा पहिला धडाही त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा नसावा, त्याच्यावर शंका घेण्याचा असावा.

असे म्हणण्याचे कारण आहे. आपल्या प्रयोगवह्या कशा भरल्या जातात हे शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. निरीक्षणे त्या उत्तराच्या मापाने बेतली जातात. ध्वनीचा वेग काढायला सांगितला की साऱ्या वर्गाचे उत्तर ३४० च्या आसपास येते, मग त्या दिवशी थंडी असो की उन्हाळा. या सवयीत दशांश चिन्हासकट आकडे दाखवणारे यंत्र येऊन पडले तर काय होईल? पडद्यावर ६२.४ दिसले की ते खरेच असणार, असे मानून मुले ते उतरवून घेतील. आधी आकडे पुस्तकातून उतरवले जात होते, आता ते पडद्यावरून उतरवले जातील. फरक इतकाच पडेल.

निव्वळ कानाच्या बळावर किती दूर जाता येते, हे अमेरिकेतील वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बोलण्यासाठी निरुपयोगी ठरले होते. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद खोलीत घुमत राही आणि पुढच्या शब्दांत मिसळून जाई. सॅबिनजवळ ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान एवढेच साहित्य होते. रात्रीच्या शांततेत तो नळी वाजवून थांबवी आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजी. मग जवळच्या नाट्यगृहातील गाद्या आणून खोलीत ठेवी आणि पुन्हा मोजी. गाद्या वाढल्या की निनाद कमी होई. या मोजण्यांतून खोलीचे घनफळ, ध्वनी शोषणारे पृष्ठभाग आणि निनादाचा काल यांचा नियम त्याला सापडला. १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या संगीत सभागृहाच्या रचनेत त्या नियमाचा उपयोग झाला.

आपल्याकडचे उदाहरण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. साध्या ताणलेल्या चामड्याचा आवाज बेसूर असतो, मग तबला आणि मृदंग सुरात कसे बोलतात? हा प्रश्न त्यांना पडला तो ऐकण्यातून. पुडीच्या मध्यावरील शाईमुळे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा ओळीने येणाऱ्या कंप्रतांचे स्वर निघतात, हे त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. आज तुमच्या शाळेतला संवेदक या कंप्रता क्षणार्धात पडद्यावर उभ्या रेघांनी दाखवील. पण तबला आणि पत्र्याचा डबा यांतला फरक ज्याने कानाने टिपलेला नाही, त्याला त्या रेघांतून काय कळणार?

आता संवेदकावर शंका कशी घ्यायची ते पाहू. त्यासाठी तो आत काय करतो हे माहीत हवे. मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउताराचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि डबीतील यंत्रणा ठरावीक अंतराने त्याचे नमुने घेते. त्या नमुन्यांचे पुढे दोन उपयोग होतात. एक म्हणजे लहरीचा आकार दाखवणे, दुसरा म्हणजे आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये सांगणे. प्रयोगापूर्वी यांपैकी काय हवे ते ठरवावे लागते. लहरीचा आकार हवा असेल तर सेकंदाला घ्यायच्या नमुन्यांची संख्या ध्वनीच्या कंप्रतेच्या दुपटीहून जास्त हवी. ५१२ हर्ट्झच्या नादकाट्याचे सेकंदाला ५०० च नमुने घेतले, तर पडद्यावर १२ हर्ट्झची संथ लाट दिसू शकते. लाट सुबक दिसेल, पण ती साफ खोटी असेल. काटा तर कानाला उंच स्वरात ऐकू येत असतो. इथे कानच यंत्राची चूक पकडतो.

डेसिबेलच्या बाबतीतही तसेच. दोन संवेदक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकाच आवाजाचे त्यांचे आकडे लिहून घ्या. ते बहुधा तंतोतंत जुळणार नाहीत. हा फरक किती, हे ज्ञात झाल्याशिवाय एका खोलीची दुसरीशी तुलना करू नये. दुसरी परीक्षा अशी: एका पंख्याचा आवाज ६० डेसिबेल भरला, तर तेवढ्याच आवाजाचा दुसरा पंखा तेवढ्याच अंतरावर लावल्यावर किती भरेल? आधी अंदाज लिहा. पुष्कळ जण १२० लिहितील. यंत्र ६३ च्या आसपास दाखवील. डेसिबेलची मोजपट्टी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि तीव्रता दुप्पट झाली की साधारण ३ डेसिबेलची वाढ होते. चुकलेला अंदाज वहीतून खोडू नका. बरोबर आलेल्या दहा उत्तरांहून तो अधिक शिकवतो.

“आमच्या शाळेत धड नादकाटा नाही, तिथे संवेदक कुठून आणायचा?” असे एखादे शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु मोबाइल फोन हाही मायक्रोफोन असलेला संवेदकच आहे. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ हे मोफत अॅप उपलब्ध करून दिले. त्यात आवाजाने चालू होणारे आणि आवाजानेच बंद पडणारे घड्याळ आहे. शिक्षकांचे दोन फोन असले तरी काम भागते.

हे दोन फोन व्हरांड्यात १० मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने टाळी वाजवायची. पहिले घड्याळ लगेच सुरू होईल, दुसरे ध्वनी तिथे पोचल्यावर. थोड्या वेळाने दुसऱ्या फोनजवळच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवायची. आता दुसरे घड्याळ लगेच थांबेल, पहिले थोडे उशिरा. म्हणजे ध्वनीला १० मीटर जायला लागणाऱ्या वेळाच्या दुपटीने पहिले घड्याळ जास्त चालले. घड्याळे एकमेकांशी जुळवण्याची गरजच उरली नाही! ३० अंश सेल्सिअस तापमानाला हा फरक सुमारे ०.०५७ सेकंद येतो, म्हणजे वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. ३४० नव्हे. वेळेत एक सहस्रांश सेकंदाची चूक झाली तर वेग सुमारे ६ मीटरने बदलतो, हेही वहीत लिहावे. अंतर ५ मीटरच ठेवले तर ती चूक दुप्पट भोवते. मोजमाप किती भरवशाचे आहे हे ज्याला सांगता येते, त्यानेच खरा प्रयोग केला.

मग बिनतारी असण्याचा विशेष लाभ कोणता? तारेचे यंत्र शिक्षकांच्या टेबलाला बांधलेले असते आणि वर्ग त्याच्याभोवती कोंडाळे करतो. बिनतारी डबी शेवटच्या बाकावर जाऊन बसू शकते. माझ्या मते तिचे खरे स्थान तेच आहे.

शेवटच्या बाकावरचा मुलगा लक्ष देत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. त्याला नीट ऐकूच येत नसेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिकवणे चालू असताना वर्गातील इतर आवाज ३५ डेसिबेलहून अधिक नसावा आणि शिक्षकांचा आवाज त्याच्या सुमारे १५ डेसिबेल वर असावा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. १ मीटरवरून ८ मीटरवर जाईपर्यंत तो १८ डेसिबेलने उतरतो. वर्गात तो इतका उतरत नाही, कारण भिंती आणि छप्पर ध्वनी परत पाठवतात. पण हाच परतलेला ध्वनी शब्दांत शब्द मिसळतो. त्यात पंख्यांची घरघर, रस्त्यावरची वाहने, शेजारच्या वर्गातले पाढे आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा ताशा!

तेव्हा असे करा. शिक्षकांनी नेहमीच्या आवाजात परस्परांशी संबंध नसलेले वीस शब्द सांगावेत आणि सर्वांनी ते लिहावेत. प्रत्येक बाकावर किती शब्द बरोबर आले ते मोजा. ही झाली कानाची साक्ष. मग प्रत्येक बाकावर संवेदक ठेवून, सारे स्वस्थ बसलेले असताना, एक एक मिनिटाची सरासरी पातळी घ्या. एकदा पंखे चालू ठेवून, एकदा बंद करून. दोन्ही आकडे वर्गाच्या नकाशावर लिहा. पुढे मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा आणि सारे पुन्हा मोजा. सॅबिनच्या गाद्यांचे काम आपल्या आजीच्या गोधड्या करतील. किती करतील, ते तुमचे आकडेच सांगतील.

ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल आहे. तुमच्या डबीचा आकडा हा कायदेशीर पुरावा नव्हे. परंतु नीट घेतलेल्या मोजण्यांचा तक्ता मुख्याध्यापकांपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे ठेवता येतो आणि केवळ तक्रारीपेक्षा त्याला अधिक वजन असते.

यंत्र आले की विचार जातो, अशी भीती काही ज्येष्ठ शिक्षक व्यक्त करतात. ती निराधार नाही. पण यंत्राच्या आधी प्रश्न आला असेल, तर विचार कुठे जाणार? म्हणून संवेदक चालू करण्यापूर्वी वहीत तीन ओळी असाव्यात: मला काय ऐकू आले, मला काय वाटते आणि ते खोटे ठरले तर मला कसे कळेल. या तीन ओळी ज्या वहीत असतील, तिच्यातले आकडे उतरवलेले नसतील. या महिन्यात आपल्या वर्गाचा नकाशा काढा आणि सुरुवात शेवटच्या बाकापासून करा.